वाचनालयाच्या वेबसाइटवर शेख महंमद सापडतील का?

माझी धाकटी बहीण मराठी घेऊन एम.ए. करते. गेल्या रमजानमध्ये तिला शेख महंमदांचा 'योगसंग्राम' हवा होता. आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं, म्हणजे नेमकं इफ्तारीच्या वेळी. आम्ही राहतो तिथून सात किलोमीटरवर. तिला जायचं तर भावाला सुट्टी हवी, गाडीत पेट्रोल हवं आणि अम्मीचा होकार हवा. एवढं सगळं जुळवून गेलं आणि पुस्तक नसलंच तर पुढच्या वेळी 'उगाच कशाला जातेस' हे ऐकायला मिळतं. म्हणून तिने आधी वाचनालयाची वेबसाइट उघडली. शोधाच्या चौकटीत 'शेख मोहम्मद' टाइप केलं. उत्तर आलं: एकही नोंद आढळली नाही.

ती गेली नाही. ट्युटोरियल दुसऱ्या विषयावर लिहून दिलं.

ईद झाल्यावर मी दुसऱ्या कामासाठी त्याच वाचनालयात गेले होते. सहज विचारलं. ग्रंथपाल काका उठले, संतसाहित्याच्या कपाटाचं कुलूप उघडलं आणि दोन मिनिटांत पुस्तक माझ्या हातात दिलं. रजिस्टरमध्ये नोंद होती, 'महमद, शेख'. वेबसाइटवर ती तशीच चढवलेली होती. पुस्तक होतं, नोंद होती, वाचक होती. फक्त स्पेलिंग जुळत नव्हतं.

हे वाचून तुमच्यातले बरेच जण कडवट हसले असतील. महंमद, महमद, मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. आपल्या घरांमध्ये एकाच बापाचं नाव चार कागदांवर चार प्रकारे लिहिलेलं असतं आणि ते जुळवताना आपल्या अर्ध्या सुट्ट्या तहसील कचेरीत जातात. तिथे ही अडचण सगळ्यांना दिसते. वाचनालयात ती दिसत नाही, कारण पुस्तक सापडलं नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही. माणूस गप्प घरी बसतो आणि समजतो की आपल्या लोकांवर, आपल्या लोकांनी लिहिलेलं इथे काही नसणारच.

हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत लिहून गेले. यू. म. पठाण यांनी संतसाहित्यावर आयुष्यभर काम केलं आणि 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही भरलं. ही पुस्तकं महाराष्ट्राच्या कपाटांत आहेत. पण पठाणसरांचंच नाव घ्या: यू. म., यु. म., यूसुफखान, युसुफखान. संगणकाला ही चार वेगळी माणसं वाटतात.

यावर उपाय नाही असं अजिबात नाही. ग्रंथालयशास्त्रात तो संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. एका लेखकाची एकच पक्की नोंद करायची आणि त्याच्या नावाची बाकी सगळी रूपं तिला जोडून ठेवायची. वाचकाने कुठलंही रूप टाकलं तरी तो त्याच माणसापाशी पोचतो. आजची ग्रंथालयाची सॉफ्टवेअर हे करू शकतात. 'कोहा' नावाचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालं आणि 2000 सालापासून जगभर फुकट वापरलं जातंय. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, नजराणा. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचं 'ई-ग्रंथालय' आहे. साधन आहेच. मात्र नावं जोडायचं काम यंत्र आपोआप करत नाही. 'महमद' आणि 'मोहम्मद' एकच आहेत हे कुणीतरी त्याला सांगावं लागतं. आणि ते आपल्याइतकं चांगलं कोण सांगू शकेल?

स्पेलिंगच्या खाली आणखी एक खड्डा आहे, जो डोळ्यांना दिसतही नाही. अनेक वाचनालयांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी पुस्तकांच्या याद्या संगणकावर घेतल्या, पण त्या जुन्या फॉन्टमध्ये. पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी कळांचा गोंधळ असतो. असा मजकूर कॉपी करून मोबाइलवर टाकला की चिन्हांचा कचरा दिसतो. तो शोधता येत नाही आणि गूगललाही सापडत नाही. उर्दूचं दुखणं हुबेहूब हेच आहे. इनपेजमध्ये टाइप केलेली कितीतरी पानं अशीच बंद डब्यात पडली आहेत. मराठी आणि उर्दू वाचनालयांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसतं, पण आजार एकच आणि औषधही एकच: युनिकोड. त्यातही बारकावे आहेत. नुक्त्याचा 'ज़' दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला सारखा, आतून वेगळा. उर्दूतला 'काफ' आणि 'ये' अरबी कळफलकावरून आले तर उर्दू कळफलकावरच्या अक्षरांशी जुळत नाहीत. शोधयंत्राने हे फरक दुर्लक्षित करावेत अशी व्यवस्था करता येते. फक्त वेबसाइट बनवणाऱ्याला तसं सांगावं लागतं. आणि सांगायला आधी कुणीतरी स्वतः शोधून पाहावं लागतं, पुस्तक खरंच सापडतं का ते.

एकूणच आपल्याकडच्या वाचनालयांच्या वेबसाइट पाहिल्या की वाटतं, त्या बनवल्यानंतर कुणी वाचकाच्या जागी बसून उघडल्याच नसाव्यात. (सन्माननीय अपवाद आहेत, ते स्वतःला ओळखतील.) पहिल्या पानावर सत्कारांचे सरकते फोटो, मग संचालक मंडळ, मग अध्यक्षांचं मनोगत. वाचनालय आज उघडं आहे का, हे कुठेच नाही. सभासद व्हायला वर्गणी किती, अनामत किती, कागद कुठले, हे नाही. मुलींसाठी अभ्यासिकेत वेगळी वेळ किंवा जागा आहे का, हे नाही. फोन नंबर लँडलाइनचा, जो कुणी उचलत नाही. आणि पान इतकं जड की स्वस्त मोबाइलवर उघडेपर्यंत दिवसाच्या डेटाचा मोठा वाटा संपतो. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. माझ्या बहिणीच्या बाबतीत वेळेबरोबर भावाची सुट्टी आणि अम्मीचा होकार हेही त्यात धरायला हवं.

माझ्या कॉलेजातला एक मित्र अंध आहे. तो एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर वापरतो, मोबाइलवर त्याच्यासारखंच दुसरं. मराठी वाचून दाखवणारा आवाज आता मिळतो. पण वाचनालयाने स्कॅन केलेलं पान नुसतं चित्र म्हणून चढवलेलं असेल, तर त्याच्या कानावर शांततेशिवाय काहीच येत नाही. अंध वाचकांसाठी पुस्तकं सुलभ रूपात आणण्याचा मराकेश करार भारताने 2014 मध्ये सगळ्या देशांच्या आधी मान्य केला. 2016 पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर त्याची साधी लिंक नाही. ती टाकायला एक रुपयाही लागत नाही.

नव्या तंत्रज्ञानाचं म्हणाल तर मी त्याच्या विरोधात नाही. छापील देवनागरी पान वाचून त्याचा मजकूर करून देणारं तंत्र आता बऱ्यापैकी चालतं. नस्तालीकमध्ये ते अजून अडखळतं, तिथे माणसाने तपासावंच लागतं. अम्मीला टाइप करता येत नाही, पण मोबाइलवर बोलून ती पाककृती शोधते. मग बोलून पुस्तक का शोधू नये? मुदत संपत आल्याचा निरोप व्हॉट्सअॅपवर यायला काय हरकत आहे? पण क्रम चुकला की सगळं फसतं. यादी धड नसताना दारात महागडं यंत्र बसवणं म्हणजे विहिरीला पाणी नसताना नळाला सोनेरी तोटी लावणं. चॅटबॉटचंही तसंच. मी एकाला मुस्लिम मराठी कवींची पुस्तकं विचारली. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने सहा नावं दिली, त्यातली तीन पुस्तकं मला कुठेच सापडली नाहीत. आपल्यावरचं लिखाण इंटरनेटवर आधीच कमी, म्हणून यंत्र रिकामी जागा कल्पनेने भरतं. उद्या वाचनालयाने वेबसाइटवर असा मदतनीस बसवलाच, तर त्याने कपाटात असलेल्या पुस्तकांचीच नावं सांगावीत. त्यासाठीही पुन्हा यादीच नीट हवी.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टी आहे. तंत्रज्ञानाबरोबर नोंदी वाढतात. कोणी काय वाचलं, कधी आलं, किती वेळ बसलं. रजिस्टरच्या काळात ही माहिती एका गावच्या कपाटात असायची. आता ती कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर असते. एखादा मुलगा धर्मावर टीका करणारं पुस्तक नेतो, एखादी मुलगी तलाकच्या कायद्यावरचं नेते. ते ना घरच्यांना कळायला हवं, ना मोहल्ल्याला, ना पोलिसांना. अमेरिकेत 2005 मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या चार ग्रंथपालांनी एफबीआयला ग्रंथालयाच्या संगणकांच्या वापराची माहिती द्यायला नकार दिला. ते कोर्टात गेले आणि पुढच्या वर्षी एफबीआयने मागणी मागे घेतली. पुस्तक परत आल्यावर वाचकाच्या नावाशी असलेला त्याचा दुवा पुसून टाकायची सोय कोहामध्ये आहे. आपल्याकडे 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय. तरीही अभ्यासिकेच्या दारात चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवायची टूम निघाली, तर 'कशासाठी?' हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला पाहिजे. विशेषतः आपण.

विचारायचा कुणाला? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा आहे. शासनमान्य ग्रंथालयं 10 हजारांहून अधिक आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत, आणि त्यांना सरकारी अनुदान मिळतं. पण ती चालवतात नोंदणीकृत संस्था. त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, सभासदांना तिथे बोलता येतं. आपल्यापैकी किती जण असे सभासद आहेत? आपण अभ्यासिकेत खुर्ची धरून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घोकतो, पास झालो की निघून जातो. मोहल्ल्यात स्वतंत्र वाचनालय काढायची घोषणा दर दोन वर्षांनी होते. काढावं, जरूर काढावं. पण जे गावाच्या मध्यभागी उभं आहे आणि आपल्याही करांवर चालतं, त्याच्या यादीतून आपण गायब राहायचं का?

ग्रंथपाल काकांना दोष द्यायचा नाही. तेच कुलूप उघडतात, तेच झाडतात, तेच देवघेव सांभाळतात, आणि त्यांना मिळणाऱ्या पगाराचा आकडा इथे लिहायला मला लाज वाटते.

यंदा मी वर्गणी भरली आणि सभेला गेले. बायका दोनच होत्या. आयत्या वेळच्या विषयांत उभी राहिले आणि 'योगसंग्राम'ची गोष्ट सांगितली. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक वयस्कर सदस्य म्हणाले, "पोरी, ही यादी दुरुस्त करायची तर माणूस कुठून आणायचा?" मी म्हटलं, "चाचा, मी येते रविवारी."

आता आम्ही तिघी जातो, रविवारी सकाळी दहा ते एक. बहीण, तिची मैत्रीण आणि मी. एक रजिस्टर वाचते, एक टाइप करते, एक प्रत्यक्ष पुस्तक काढून बघते. साधी तक्त्याची फाइल आहे, युनिकोडमध्ये. लेखकाच्या रकान्याशेजारी आम्ही एक जादा रकाना केलाय: 'नावाची इतर रूपं'. संतसाहित्य आणि कादंबऱ्या झाल्या, चरित्रं चालू आहेत. उर्दूचं एक कपाट आहे, वर्षानुवर्षं उघडलेलं नाही, किल्ली कुणाकडे आहे याचा शोध चालू आहे. गेल्या रविवारी बहिणीने 'शेख महंमद' या नोंदीपुढे सहा रूपं टाइप केली. मग थांबली, मोबाइल काढून गूगलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाली, "आपा, इंग्रजीतली पण टाकू का? तिथे तर अजून पाच आहेत."