धोका सायकलीत की रस्त्यात?

(बी. ए. द्वितीय वर्षातील एक विद्यार्थिनी)

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रभर पाऊस पडून गेलेला, सकाळची पावणेसातची वेळ. आमच्या गावापासून कॉलेज सात किलोमीटर आहे आणि हे अंतर मी रोज सायकलीने तोडते. ओढ्याच्या पुलाजवळ मागून एका मोटारीने कर्कश हॉर्न वाजवला. मी डावीकडे सरकले. पण आणखी सरकायला जागाच नव्हती. नव्या सिमेंटच्या रस्त्याची कड आणि खालची साइडपट्टी यांत वीतभर फरक होता, कारण साइडपट्टीचा मुरूम पावसाने वाहून गेला होता. पुढचे चाक त्या कडेवरून खाली घसरले आणि मी सायकलीसकट चिखलात पडले. मोटारीचा मला स्पर्शसुद्धा झाला नव्हता. ती थांबलीही नाही. कोपर सोलवटले, हँडल वाकडे झाले आणि त्या दिवशीचा इतिहासाचा तास बुडाला.

संध्याकाळी वडील मोंढ्यातून हमाली करून आले. त्यांनी आधी माझ्या कोपराकडे पाहिले, मग सायकलीकडे, आणि म्हणाले, "बास झालं आता. सायकल बंद." मायनेही त्यांचीच री ओढली, "हातपाय मोडल्यावर तुझी डिग्री काय चुलीत घालायची?"

वाचकहो, 'सायकल बंद' या दोन शब्दांचा आमच्या घरातला अर्थ तुम्हांला सांगितला पाहिजे. आमच्या गावाला एस. टी. येते ती साडेनऊला. कॉलेजचा पहिला तास साडेसातला. ऑटोने जायचे तर जाऊन-येऊन चाळीस रुपये, आणि तोही माणसे भरल्याशिवाय हलत नाही. तेव्हा सायकल बंद म्हणजे कॉलेज बंद. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. ती पायरी मी ज्या सायकलीच्या जोरावर चढले, ती मला आठवीत असताना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळाली होती. तिच्याच गळ्याशी आता प्रश्न आला होता.

वडिलांचे चुकले असे मला म्हणवत नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दिवसाला सरासरी ४६० हून अधिक. ज्याची मुलगी रोज त्याच रस्त्याने जाते, त्या बापाला भीती वाटणार नाही तर काय? पण मनात एक शंका मात्र राहिली. स्वतः वडील पंचवीस वर्षे सायकलीने मोंढ्यात जात आहेत. पन्नाशी उलटली तरी क्विंटलचे पोते पाठीवर घेतात. ना साखर, ना रक्तदाब. मग सायकल माणसाला तारते की मारते?

हा प्रश्न घेऊन मी वाचायला बसले. तेव्हा कळले की शरीराच्या हालचालीचा आणि आयुष्याचा संबंध शास्त्रज्ञ फार दिवसांपासून तपासत आहेत. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून, तर वाहक दिवसभर जिना चढून-उतरून काम करणारा. बस एकच, रस्ता एकच. पण हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला. पुढे २०१७ साली ब्रिटनमध्येच अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. मोटारीने, बसने किंवा आगगाडीने कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलीने जाणाऱ्यांना मृत्यूचा धोका त्या काळात ४१ टक्क्यांनी कमी दिसला. कोणी म्हणेल, सायकल चालवणारा मुळातच धडधाकट असतो, त्यात नवल काय? म्हणूनच वय, धूम्रपान, आहार यांसारख्या गोष्टी हिशेबात धरून हा आकडा काढलेला आहे.

राहिला धुराचा आणि अपघाताचा प्रश्न. सायकलस्वार धापा टाकतो, त्यामुळे तो जास्त धूर आत घेतो, हे खरेच आहे. हॉलंडमधील संशोधकांनी २०१० साली याचाही हिशेब मांडला. मोटार सोडून सायकल धरणाऱ्याचे आयुष्य व्यायामामुळे सरासरी तीन ते चौदा महिन्यांनी वाढते. धुरामुळे ते फार तर चाळीस दिवसांनी आणि अपघातांमुळे पाच ते नऊ दिवसांनी घटते, असा त्यांचा निष्कर्ष. २०१६ मधील दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले, की हवेत सूक्ष्म धूळ घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम इतकी दाट असली तरी रोज दीड तासापर्यंत सायकलीचा फायदा तोट्याहून अधिक राहतो. माझा जाऊन-येऊन प्रवास सव्वा तासाचा. जमाखर्च मांडला तर सायकल जमेच्याच बाजूला पडते.

हे सगळे मी घरी उत्साहाने सांगितले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलले, "ते हॉलंडचं झालं. तिथं आपल्यासारखे रस्ते हाएत का?"

मी निरुत्तर झाले. पण नंतर वाटले, वडिलांनी नकळत खऱ्या प्रश्नावर बोट ठेवले होते. सायकल तिकडचीही दोन चाकांची आणि इकडचीही दोन चाकांची. माणसाचे हृदय तिकडेही छातीत आणि इकडेही छातीत. मग तिथे सायकल कमी धोक्याची आणि इथे जिवावरची, हा फरक सायकलीतून आलेला नाही. तो रस्त्यातून आलेला आहे. सायकलीचा फायदा माझ्या पायांतून मला मिळतो. धोका मात्र दुसऱ्याच्या पायाखाली, त्याच्या ॲक्सिलरेटरवर असतो. असे असताना 'सायकल धोक्याची' असे म्हणणे म्हणजे घरात चोर शिरला म्हणून घराला दोष देणे होय.

आमच्याच रस्त्याचे उदाहरण घ्या. मी अकरावीत असेपर्यंत तो अरुंद आणि खड्ड्यांचा होता. आम्ही त्याला शिव्या देत होतो. पण ते खड्डे हेच आमचे वाहतूक पोलीस होते, हे आता समजते! कोणतेही वाहन तीसच्या वर जात नसे. मग रस्ता सिमेंटचा झाला, रुंद झाला, गुळगुळीत झाला. पेढे वाटले गेले. काळी-पिवळ्या, टेम्पो, मोटारी साठ-सत्तरने धावू लागल्या. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, हे विज्ञानाच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. ऊस गाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून येतात; त्यांतल्या कितीकांना मागे दिवा नसतो. रस्ता सुधारला, पण सुधारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त मोटार होती. दुधाची किटली लावलेली सायकल, शाळेच्या मुली, डोक्यावर भारा घेतलेली बाई, बैलगाडी, यांना त्या नकाशात जागाच नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. एवढ्या लोकांना विसरून केलेल्या कामाला सुधारणा तरी कसे म्हणावे?

यावर काही मित्र म्हणतात, "रस्त्याचा कर मोटारवाले भरतात, तेव्हा रस्ता त्यांचा." हा युक्तिवाद मला पटत नाही. कर मोटारवालाच भरतो असे नाही. साबणाच्या वडीवरसुद्धा कर असतो आणि ती आमच्याही घरी लागते. शिवाय सायकलीने सिमेंटला तडा गेल्याचे कोणी पाहिले आहे काय? सायकलीला परवाना लागत नाही, याचा अर्थ तिला हक्क नाही असा होत नाही.

आता हॉलंडकडे पुन्हा वळू. तो देश पहिल्यापासून सायकलस्वारांचा स्वर्ग होता असे मला वाटत असे. ते चूक निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकली कडेला पडल्या. १९७१ साली त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा तिथले आईबाप 'मुलांची सायकल बंद' असे म्हणाले नाहीत. 'मुलांची हत्या थांबवा' अशी घोषणा देत ते रस्त्यावर उतरले. १९७३ मध्ये तेलटंचाई आली, रविवारी मोटारी बंद ठेवल्या गेल्या आणि मोकळ्या रस्त्याची चव लोकांना कळली. पुढे वस्तीतला वेग कमी केला गेला आणि सायकलींना वेगळ्या वाटा मिळाल्या. आज दिसते ते त्या आग्रहाचे फळ आहे. उलट आपले पुणे पाहा. एके काळी सायकलींचे शहर म्हणून त्याची ख्याती होती. सायकली गेल्या, आणि २०१७ साली महानगरपालिकेला त्या परत आणण्यासाठी खास आराखडा मंजूर करावा लागला. आमच्या तालुक्यात सायकली अजून आहेत. त्या जाऊ देऊन मग आराखडे करण्यात काय शहाणपण?

मात्र सारा दोष मोटारवाल्यांच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ नये. आम्ही मुली तिघी-तिघी आडव्या जाऊन गप्पा मारतो. उलट्या बाजूने घुसतो. आमच्या कितीतरी सायकलींना ब्रेक असे नसतातच. चप्पल हाच ब्रेक! हिवाळ्यात अंधारात निघतो आणि मागे साधी लाल चकती नसते. हक्क मागणाऱ्याने आधी आपली बाजू नीट केली पाहिजे.

आता थोडे कॉलेजविषयी. गुरुजनांनी राग मानू नये. आपल्या कॉलेजात मोटारसायकलींना पत्र्याची शेड आहे, सायकली मात्र उन्हात लिंबाला टेकून उभ्या असतात. संध्याकाळी मैदानावर आरोग्यासाठी फेऱ्या मारायला येणारे आमचे काही आदरणीय प्राध्यापक एक किलोमीटरवरून मोटारीने येतात. ते सायकलीने आले तर फेऱ्यांची निम्मी गरज उरणार नाही, आणि सायकल ही ज्याला काही परवडत नाही त्याचीच, हा समजही जाईल. मोटारसायकलवाल्या बंधूंना एवढीच विनंती आहे की सायकलीला ओलांडताना हॉर्न कमी वाजवा आणि अंतर जास्त ठेवा. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलीला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवण्याचा नियमच आहे. आपल्याला नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. दीड मीटर म्हणजे हँडलपासून दोन पावले, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

माझ्या सायकलीचे काय झाले ते सांगून थांबते. चार दिवस मी घरी बसले. पाचव्या दिवशी वडील मोंढ्यात जाताना माझी सायकल हाताने ढकलत घेऊन गेले. मला वाटले, विकली. संध्याकाळी ती परत आली. हँडल सरळ, ब्रेकचे रबर नवे आणि मागच्या मडगार्डवर लाल चकती. "एकटी जायाचं नाही," एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून आम्ही गावच्या चौघीजणी एकामागे एक अशा जातो. जिथे सायकली जास्त असतात तिथे दर सायकलस्वारामागे अपघात कमी होतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मी वाचले. आमचा अनुभवही तसाच आहे. एकटीला दडपणारी गाडी चौघींना पाहून जरा दबकते.

साइडपट्टी भरण्यासाठी आम्ही चौघींनी सह्या करून संबंधित कार्यालयात अर्ज दिला आहे. त्याची पोच माझ्या वहीत आहे. हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत मुरूम पडला नाही, तर दुसरा अर्ज देऊ, आणि त्यावर चारपेक्षा जास्त सह्या असाव्यात अशी इच्छा आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी सकाळी सव्वासातला लिंबाखाली भेटावे. आम्ही तिथेच सायकली लावतो.