'सॉरी' आणि 'चुकलों'

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही बसलों होतों. त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा धांवत स्वयंपाकघरांत शिरला आणि त्याच्या धक्क्यानें आजींच्या हातांतील लोणच्याची बरणी पडून फुटली. "सॉरी, आजी!" असें म्हणून तो आला तसाच अंगणांत पळाला. आजींनीं निमूटपणें तुकडे वेंचले, मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही एवढें इंग्रजी वाचतां, तेव्हां एक सांगा. सॉरी म्हणजे 'चुकलों' असेंच ना? याचा बाप परवां मला टाकून बोलला. रात्रीं येऊन 'सॉरी, आई' म्हणाला. पण 'चुकलों' कांहीं म्हणाला नाहीं."

त्यांना तेथल्या तेथें नीट उत्तर आम्हांला देतां आलें नाहीं. घरीं येऊन कोश उघडले. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

'सॉरी' हा शब्द प्राचीन इंग्रजींतील 'सारिग' या शब्दापासून आला. 'सार' म्हणजे वेदना, ठणका. आजच्या इंग्रजींतील 'सोअर' हा शब्द त्याचाच वंशज. दुःखवाचक 'सॉरो' हा शब्द याचा सख्खा भाऊ असावा असें कोणासही वाटेल. परंतु त्याचें मूळ निराळें, 'सोर्ग' हें आहे. सहवासानें मात्र 'सॉरो'ची छाया 'सॉरी'च्या उच्चारावर व अर्थावर पडली. तात्पर्य, 'सॉरी'चा मूळ अर्थ 'दुखावलेला' एवढाच. त्यांत अपराधाचा गंधही नाहीं. म्हणूनच कोणाच्या घरीं मृत्यु घडला असतां इंग्रज मनुष्य 'सॉरी' म्हणतो. तेथें त्यानें कांहीं चूक केलेली नसते. शेक्सपिअरचा मॅक्बेथ राजाचा खून करून येतो आणि आपल्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहून हाच शब्द उच्चारतो. पण तेथें त्याचा अर्थ 'केविलवाणें' असा आहे, क्षमायाचना नव्हे. पुढें वापरून वापरून हा शब्द इतका गुळगुळीत झाला कीं, पाय लागला तरी 'सॉरी', आणि समोरच्याचें बोलणें ऐकूं आलें नाहीं तरीही 'सॉरी?'

आतां आपल्या भाषेकडे वळूं. 'क्षमा' हा शब्द 'क्षम्' म्हणजे सहन करणें या धातूपासून झाला. सर्व कांहीं सोसणाऱ्या पृथ्वीलाही संस्कृतांत 'क्षमा' म्हणतात. क्षमा मागणारा दुसऱ्याला 'माझें एवढें सोसा' असें विनवीत असतो. 'माफ' हा शब्द मूळचा अरबी, फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आला. 'दिलगिरी' हा फारशी. 'दिलगीर' म्हणजे ज्याचें अंतःकरण दुःखानें धरलें गेलें आहे असा. 'सॉरी'चा खरा मराठी भाऊबंद हाच. 'चुकलों' हा शब्द मात्र या सर्वांहून वेगळा. वाट चुकणें आणि वागण्यांत चुकणें यांना मराठींत एकच क्रियापद आहे. 'चुकलों' म्हणणारा आपल्या मनाची अवस्था सांगत नाहीं; आपलें पाऊल कोठें वांकडें पडलें तें सांगतो.

हा भेद केवळ कोशांतला नव्हे. कॅनडांतील ओंटॅरिओ प्रांतानें २००९ सालीं कायदाच केला कीं, कोणी 'सॉरी' म्हटलें तर दिवाणी दाव्यांत ती दोषाची कबुली समजूं नये. ऑस्ट्रेलियांत याच्या उलट प्रकार घडला. तेथील सरकारी धोरणानें कित्येक दशकें आदिवासींचीं मुलें आईबापांपासून तोडून नेलीं होतीं. १९९९ सालीं पंतप्रधान हॉवर्ड यांनीं संसदेंत याबद्दल खेद व्यक्त केला, पण 'सॉरी' म्हणण्याचें टाळलें. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजीं पंतप्रधान केव्हिन रड यांनीं तो शब्द उच्चारला. आणि पूर्वींच्या संसदांनीं व सरकारांनीं केलेल्या कायद्यांनीं व धोरणांनीं हें दुःख दिलें, हेंही स्पष्ट सांगितलें. लोकांनीं साश्रु नयनांनीं तें ऐकलें. त्याच देशांतील आदिवासींच्या इंग्रजींत मृताच्या शोकविधींना 'सॉरी बिझिनेस' म्हणतात. शब्दाचा मूळचा ठणका तेथें अजून जिवंत आहे.

यावरून आम्हांला असें वाटतें कीं, दोष 'सॉरी' या शब्दाचा नाहीं. तो मुलांच्या तोंडीं बसला आहे आणि राहील. त्याला घराबाहेर घालविण्याचा खटाटोप व्यर्थ होय. पण तेवढ्यावर थांबलें कीं बोलणारा सुटतो आणि ऐकणारा तसाच राहतो. बरणी फोडणाऱ्या मुलानें 'सॉरी' जरूर म्हणावें. मात्र मग फडकें घेऊन आजीजवळ बसावें. थोरांनींही 'सॉरी'च्या पुढें एक वाक्य जोडावें: "आई, परवां मी तुला टाकून बोललों, तें माझें चुकलें." एकत्र कुटुंबांत जेथें रोज भांड्याला भांडें लागतें, तेथें हें एक वाक्य पुष्कळ मनें सांधून ठेवील.

आजींच्या प्रश्नाचें उत्तर, 'नाहीं, दोन्ही एक नव्हेत,' असें आहे. पुढील भेटींत तें आम्ही त्यांना सांगूंच; पण त्याआधीं त्यांच्या चिरंजीवांनीं हें पान वाचलें तर अधिक बरें.