पायाला बांधलेली चिठ्ठी

नोव्हेंबर १९९७. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या विरळ रानात पामेला रासमुसन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तीन अमेरिकी पक्षी-अभ्यासक हिंडत होते. एका बोडक्या झाडावर बसलेल्या बुटक्या, मोठ्या डोक्याच्या पिंगळ्यावर त्यांची नजर खिळली. गावाकडच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. याच्या डोक्यावर ते जवळजवळ नव्हतेच. पायांवर मात्र पांढऱ्याशुभ्र पिसांचा दाट थर होता. तो रानपिंगळा होता. १८८४ नंतर, म्हणजे ११३ वर्षे, हा पक्षी खात्रीने कोणालाच दिसला नव्हता.

तोवर जगभरच्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे सातच नमुने होते. कापूस भरून वाळवलेली कातडी आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली बोटभर चिठ्ठी. पक्षी कुठे मिळाला, कधी, कोणी मिळवला, एवढेच तिच्यावर लिहिलेले. त्यातल्या एका चिठ्ठीवर १९१४ साल, गुजरातेतले मांडवी आणि रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचे नाव होते. ती चिठ्ठी खोटी होती. एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला नमुना या अधिकाऱ्याने इंग्लंडच्या संग्रहालयातून लांबवला होता, त्यावरची जुनी चिठ्ठी काढली होती आणि स्वतःची बांधली होती. मांडवीच्या या नोंदीवर विसंबून पुढे जे शोध झाले ते वाया गेले. रासमुसन यांनी नमुना भरण्याची हातोटी बारकाईने तपासली, ती डेव्हिडसन यांचीच असल्याचे ओळखले आणि खोटी नोंद बाजूला काढली. उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे नकाशावर शोधत शोधत हे तिघे शहाद्याला पोहोचले.

आज ज्याला जैवविविधतेचा ‘डेटा’ म्हणतात, तो म्हणजे मुळात हीच चिठ्ठी. जात कोणती, जागा कोणती, तारीख कोणती, पाहिले कोणी. नोंद कितीही साधी असली तरी चार माणसांना ती पाहता, पडताळता आणि दुसऱ्या नोंदीशेजारी ठेवता आली तरच ती उपयोगाची. बंद कपाटातली चूक दुरुस्त होत नाही आणि बंद कपाटातले खरेही कोणाच्या कामी येत नाही. म्हणूनच सरकारी पैशातून आणि सामान्य माणसांच्या कष्टातून गोळा झालेल्या जातींच्या नोंदी सर्वांना खुल्या असायला हव्यात, आणि देशाच्या संशोधनात व निर्णयांत त्या वापरल्या जायला हव्यात.

खुलेपणाने काय साधते ते पक्ष्यांच्या बाबतीत भारताने स्वतःच दाखवून दिले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. ९४२ जातींचा आढावा, त्यामागे सुमारे तीन कोटी निरीक्षणे आणि ती करणारे तीस हजारांहून अधिक लोक. यात बँकेतले कारकून, शाळेतल्या बाई, निवृत्त अभियंते, बारावीची मुले असे सगळे होते. अहवाल तयार करणाऱ्या तेरा संस्थांमध्ये सरकारी संस्थाही होत्या आणि खासगी न्यासही.

ही निरीक्षणे कशी जमतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. सकाळी साडेसहाला एखाद्या तळ्याकाठी कोणी मोबाइलवर ‘ईबर्ड’ उघडतो. दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या पक्ष्यांचे आकडे टाकतो: टिटवी २, खंड्या १, वंचक ३. वीस-पंचवीस मिनिटांनी यादी पाठवताना ॲप त्याला एक प्रश्न विचारते. ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का? या ‘हो’वर संख्याशास्त्राची सगळी इमारत उभी आहे. यादी पूर्ण असेल तर तिच्यात जे नाही, ते तिथे आढळले नाही असे धरता येते. दहा वर्षांपूर्वी शंभर याद्यांपैकी चाळीस याद्यांत असणारा पक्षी आज वीसच याद्यांत असेल तर काहीतरी घडते आहे, हे कोणताही जंगलखात्याचा कागद न मागता कळते. कोणी भलतेच नाव टाकले तर त्या जिल्ह्याचा स्वयंसेवक परीक्षक विचारतो: फोटो आहे का? आवाज ऐकला होता का? ही उलटतपासणी शक्य होते, कारण यादी सर्वांसमोर असते.

त्यातूनच नीलपंखाचे, म्हणजे नीलकंठाचे, दुखणे कळले. विदर्भात आजही दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ मानतात. शेताच्या बांधावर, विजेच्या तारेवर बसलेला, उडाला की निळाईचा पंखाच उघडतो असा हा पक्षी. तो दुर्मीळ होतो आहे असे कोणी म्हणाले असते तर लोकांना खरे वाटले नसते, इतका तो रोजच्या पाहण्यातला. अहवालाने दाखवले की गेल्या बारा वर्षांत त्याची संख्या तीस टक्क्यांहून अधिक घटली आहे. उलट चिमणी देशातून नाहीशी होत असल्याचा जो समज पसरला होता, तो २०२० च्या पहिल्या अहवालाने सुधारला. मोठ्या महानगरांत ती कमी झाली आहे, देशभरात मात्र ती बरीचशी टिकून आहे. संवर्धनाचा पैसा कुठे लावायचा हे अशाच उत्तरांवर ठरायला हवे.

तरी या अहवालात एक आकडा मनाला लागतो. ९४२ जातींपैकी दीर्घकालीन कल काढता आला तो फक्त ३३८ जातींचा. त्यातल्या २०४ जाती घटत आहेत. उरलेल्या सहाशेंच्या बाबतीत ठोस काही सांगता आले नाही, कारण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या नोंदी पुरेशा नाहीत. पण त्या कधी झाल्याच नाहीत असे नाही. महाराष्ट्रात १९७०-८० च्या दशकांत वही-पेन्सिल घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्यांची एक पिढीच होती. ‘पाषाण तलाव, सकाळी साडेसहा, चक्रवाक दोन’ अशा ओळींनी भरलेल्या डायऱ्या आजही घराघरांतल्या माळ्यांवर आहेत. माणूस गेला की वह्या रद्दीत जातात. जुनी यादीही मूळ तारखेसह ईबर्डवर चढवता येते. एखाद्या महाविद्यालयाने अशा वह्या मागून आणून विद्यार्थ्यांकडून टंकून घेतल्या, तर त्या भागातल्या पक्ष्यांचा हरवलेला काळ परत मिळू शकेल. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

आणि सरकारी कपाटे? तिथली स्थिती संमिश्र आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२४ साली देशातल्या सगळ्या ज्ञात प्राण्यांची यादी संकेतस्थळावर खुली केली. त्यात १,०४,५६१ जाती आहेत, आणि या कामाचे मनापासून कौतुक व्हायला हवे. पण नावांची यादी ही पहिली पायरी. कोणती जात कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या साली मिळाली, हे नमुन्याच्या चिठ्ठीवर असते. वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०२२ मध्ये ‘आभासी हर्बेरियम’ सुरू केले आणि सुमारे एक लाख नमुन्यांची छायाचित्रे त्यावर ठेवली. एकट्या हावड्याच्या मध्यवर्ती संग्रहात मात्र वीस लाखांच्या आसपास वाळवलेल्या वनस्पती आहेत.

याउलट इंग्लंडकडे पाहा. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८८५ मध्ये भारतातले हजारो पक्षी-नमुने ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकले. ते नमुने आज ज्याच्याकडे आहेत त्या लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने आपल्या लाखो नमुन्यांच्या नोंदी ‘जीबीआयएफ’वर ठेवल्या आहेत. २००१ मध्ये सुरू झालेल्या आणि कोपनहेगनहून चालणाऱ्या या जागतिक भांडारात तीन अब्जांहून अधिक नोंदी आहेत आणि त्या कोणालाही फुकट मिळतात. नंदुरबारच्या विद्यार्थिनीला आपल्या मुलखातून गेलेल्या पक्ष्याची माहिती लंडनहून सहज मिळावी आणि कोलकात्याच्या सरकारी संस्थेकडून मिळवताना पत्रव्यवहार करावा लागावा, हे चित्र बदलायलाच हवे. सरकारी खर्चाने जमलेली माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण २०१२ पासून आहे. २०२२ च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल जैवविविधता करारातले एकविसावे उद्दिष्टही हेच सांगते, आणि भारताने त्या करारानुसार आपला आराखडा २०२४ मध्ये सादरही केला आहे. राहिले ते निधी, माणसे आणि वेळापत्रक.

माहिती झाकली की किंमत कोण मोजतो, हे कोकणाला चांगले ठाऊक आहे. २००८ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या पर्यावरणीय परिणाम अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उतरवलेला सापडला. त्यात पक्ष्यांचा अधिवास म्हणून थंड प्रदेशातल्या स्प्रूस वृक्षांच्या जंगलांचा उल्लेख होता. आंबा-काजूच्या मुलखात स्प्रूस! ही चूक इतकी ढोबळ होती म्हणून पकडली गेली. पण एखाद्या अहवालाने सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, दहा दुर्मीळ वनस्पती यादीतून निमूट गाळल्या, तर जनसुनावणीला आलेल्या शेतकऱ्याने त्या कशाच्या आधारे दाखवून द्यायच्या? त्याच्या गावातल्या नोंदी तारीख-ठिकाणासह खुल्या असतील तर तो मोबाइल पुढे करू शकतो.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने घाटाचे सुमारे २,२०० चौकोन पाडून प्रत्येकाची माहिती मांडली आणि ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सरकारला दिला. तो लोकांना वाचायला मिळाला मे २०१२ मध्ये, तेही माहिती अधिकारातला अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल एवढे सगळे झाल्यावर. मधल्या महिन्यांत अफवांनी जागा घेतली. समितीच्या शिफारशींवर मतभेद असू शकतात आणि होतेही. पण ज्या गावांबद्दल तो अहवाल होता, त्यांनी तो सुरुवातीपासून वाचला असता तर वाद निदान मजकुरावर झाला असता.

खुलेपणाला आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. माळढोकाच्या घरट्याची जागा अक्षांश-रेखांशासह जाहीर करणे म्हणजे उरलेसुरले पक्षी संकटात लोटणे. शिकारी आणि तस्कर, तसेच फोटोसाठी घरट्यात डोकावणारे हौशी, हे सगळेच नोंदी वाचतात. त्यावर उपाय आहे आणि तो वापरातही आहे. ईबर्ड संवेदनशील जातींच्या नेमक्या जागा झाकते, इतर भांडारे बिंदूऐवजी मोठा चौकोन दाखवतात. जात आहे हे सर्वांना कळते, घरटे कोणाला सापडत नाही. काही थोड्या जातींसाठी लागणारे हे कुलूप लाखभर जातींना लावण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. अमक्या ओढ्याकाठी अमुक झाड आहे ही नोंद वेगळी, आणि त्याची साल वैदू कशावर, कशी देतो हे ज्ञान वेगळे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सीएसआयआर’ या सरकारी संशोधन संस्थेने ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले, ते जुन्या ग्रंथांतले आणि छापील शोधनिबंधांतले पुरावे पुढे ठेवून. छापलेल्या, उघड नोंदींनीच तिथे संरक्षण दिले. तरीही वैदूचे ज्ञान त्याच्या आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय कोणी संकेतस्थळावर टाकू नये. हा अधिकार त्यांचाच आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितले. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली, दंडाची तंबी दिली, आणि देशभरात वह्यांचे गठ्ठे तयार झाले. आज अशा अडीच लाखांहून अधिक वह्या आहेत. गावाने आपल्या परिसराबद्दल स्वतः लिहिलेला एवढा मोठा ऐवज क्वचितच कुठे असेल. मात्र मुदतीच्या घाईत काही ठिकाणी शेजारच्या गावाचीच पाने उतरवली गेली, काही ठिकाणी बाहेरचा माणूस दोन दिवसांत यादी करून गेला. हे दुरुस्त करायचे तर आधी वह्या दिसायला हव्यात. झाडे, पक्षी, मासे, पिकांची जुनी वाणे यांची पाने एका जागी, एकाच शोधाने सापडतील अशी खुली करावीत. औषधी ज्ञानाची पाने ग्रामसभेच्या कुलपात राहू द्यावीत. गावातल्या नावांना शास्त्रीय नावे जोडण्याचे काम महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राच्या विभागांना द्यावे, आणि त्याला परीक्षेत गुण द्यावेत.

शहाद्यानंतर रानपिंगळा मेळघाटात मिळाला, २०१४ मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात मिळाला. एकेक नोंद साचत गेली आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आला. त्याची रानेही पंचायतींच्याच हद्दींना लागून आहेत. त्या पंचायतींच्या नोंदवह्यांत, पक्ष्यांच्या पानावर, रानपिंगळ्याचे नाव कोणत्या स्थानिक नावाने उतरले आहे आणि किती गावांत उतरले आहे, हे शोधायला आज प्रत्येक गावाची वही वेगळी उघडावी लागते.