गैरहजेरीचा शिक्का आणि बडतर्फीचा हुकूम

बंदोबस्ताच्या दिवशी एक शिपाई हजर नसला, तर त्याचा पहारा दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. म्हणूनच विनापरवाना गैरहजेरी हा पोलीस दलात किरकोळ दोष मानला जात नाही; मानलाही जाऊ नये. परंतु गैरहजेरीची नोंद करणे आणि ती हेतुपुरस्सर होती हे सिद्ध करणे, यांत महदंतर आहे. बडतर्फीला आव्हान देणाऱ्या अनेकांचा झगडा याच अंतरासाठी असतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ नुसार आरोप कळवून व बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याखेरीज सामान्यतः बडतर्फ करता येत नाही. चौकशी व्यवहार्य नसल्याचे लेखी कारण देऊन ती टाळण्याची मुभा आहे; मात्र चौकशीचा कंटाळा हे काही कारण नव्हे!

केंद्रीय गुप्तवार्ता विभागातील एका कर्मचाऱ्यास अनधिकृत गैरहजेरीबद्दल सेवेतून दूर करण्यात आले. हजेरीपटावर सहीच करू दिली नाही, असे त्याचे म्हणणे होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, अपरिहार्य कारणाने घडलेली गैरहजेरी जाणूनबुजून केलेली ठरत नाही. ती तशी होती हे चौकशीत सिद्ध व्हावे लागते. त्यास निम्म्या मागील वेतनासह पुन्हा सेवेत घेण्यात आले.

याचा अर्थ न्यायालये शिस्तीवर उदार आहेत, असा मुळीच नाही. कामावर असताना मद्यधुंद अवस्थेत, कमरेला सरकारी रिव्हॉल्व्हर लावून बसस्थानकावर हिंडणाऱ्या पंजाबच्या शिपायाची बडतर्फी याच न्यायालयाने १९९२ मध्ये कायम केली. ते योग्यच झाले.

बडतर्फीने पगार जातो, पूर्वीची सेवा व्यर्थ ठरून निवृत्तिवेतनही सामान्यतः जाते. शिक्षा कुटुंबही भोगते. महाराष्ट्रात खात्यांतर्गत अपिलानंतर प्रशासकीय न्यायाधिकरणाचे व पुढे उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. तथापि तेथे पुराव्याची नव्याने छाननी होत नाही. चौकशी रीतसर झाली काय आणि शिक्षा धक्कादायकरीत्या अवाजवी आहे काय, एवढेच प्रामुख्याने पाहिले जाते. तेव्हा आजारपणाचा वैद्यकीय दाखला, रजेचा अर्ज आणि त्याची पोच हे कागद खात्याच्या चौकशीतच दाखल झाले पाहिजेत. ते घेण्यास नकार मिळाला, तर तो नकारही त्याच वेळी लेखी नोंदवून घ्यावा लागतो.