शाळेचा गाण्यांचा संग्रह: मूळ प्रत एक, वाटायच्या प्रती अनेक



आजकाल बऱ्याच शाळांत एक ब्लूटूथ स्पीकर आणि एक पेनड्राइव्ह असतोच. त्यात परिपाठाची प्रार्थना, पाठ्यपुस्तकातल्या कविता, बडबडगीते, कवायतीचे संगीत. हा आपला फिरता संग्रह. पण त्यातल्या फाइल्स कोणत्या फॉरमॅटमध्ये आहेत, हे आपण सहसा पाहत नाही. "वाजतंय ना, मग झालं!" मला वाटतं, एवढ्यावर थांबू नये. कारण या संग्रहात दोन प्रकारची सामग्री असते: पुन्हा कुठेही मिळतील अशी गाणी, आणि पुन्हा कधीच न मिळणारे आवाज.

आधी थोडा हिशोब पाहू. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. वेव्ह फाइलमध्ये ते जसेच्या तसे राहतात, म्हणून एका मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये तेच मिनिट साधारण १ एमबीत बसतं. कसं? ढोलकीवर जोरात थाप पडली की त्या क्षणी मागचा हलका आवाज आपल्याला तसाही ऐकू येत नाही. असे बारकावे एमपी३ काढून टाकते. मात्र एकदा काढलेले परत येत नाहीत.

तिसरा प्रकार फ्लॅक. गोधडीची घडी घातली की जागा कमी लागते, पण उलगडली की एकही टाका कमी झालेला नसतो. फ्लॅकचं तसंच आहे. जागा वेव्हच्या साधारण निम्मी, आणि आवाजातलं काहीच जात नाही. शिवाय तो मोफत आहे.

मग वर्गासाठी काय निवडायचं? माझं मत स्पष्ट आहे: एमपी३. गाण्यांना १२८ किंवा १९२, नुसत्या बोलण्याला ६४ सुद्धा पुरे. पेनड्राइव्हवर चालणारे बहुतेक स्पीकर एमपी३ वाजवतात. फ्लॅक वाजेलच असं नाही. आणि पस्तीस मुलं एका सुरात गात असताना फ्लॅकचा बारकावा ऐकणार कोण?

पण मुलांनी म्हटलेल्या कविता, एखाद्या आजीने वर्गात येऊन गायलेल्या जात्यावरच्या ओव्या, गावातल्या भजनी मंडळाचा अभंग, यांची फक्त एमपी३ ठेवू नका. पुढे कुणी त्यातला तुकडा कापेल, कुणी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलेल. दर वेळी थोडं थोडं झिजत जाईल. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं पुसट होतात ना, तसं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यातल्या कितीतरी आज आपण बायकांच्या मूळ आवाजात ऐकू शकतो, त्या टेपवरचं ध्वनिमुद्रण जपलं गेलं म्हणूनच.

म्हणून एवढं करा:

१. रेकॉर्डिंग करण्यापूर्वी मोबाइलच्या रेकॉर्डरची सेटिंग उघडा. वेव्हचा पर्याय असेल तर तो निवडा.

२. फक्त एम४ए मिळत असेल, तर तीच फाइल मूळ प्रत म्हणून ठेवा. तिचं फ्लॅक केल्याने आकार वाढेल, गेलेला आवाज परत येणार नाही.

३. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला संदेश ओपस प्रकारात दाबला जातो आणि अनेक स्पीकरवर वाजतही नाही. त्यामुळे तयार फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ती आहे तशीच पोहोचते.

४. मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवा. पेनड्राइव्हवर फक्त एमपी३ प्रत.

पालकांनो, घरातल्या आजी-आजोबांच्या गोष्टींनाही हाच नियम लावा. गाणं पुन्हा डाउनलोड करता येतं. आजीचा आवाज मात्र कुठूनच डाउनलोड होत नाही.

तुमच्या शाळेत काय पद्धत आहे, नक्की कळवा.