ठिपक्याची साक्ष आम्हाला मान्य नाही

पूर्वी मुकादमाच्या हातात मस्टर असायचे. आता मुकादम कामगाराच्या फोनमध्येच बसवला आहे. फोन तिचा, रिचार्ज तिचे, बॅटरी तिची आणि पहारा मालकाचा. या पहाऱ्याच्या साक्षीवर बायकांची मजुरी कापली जाते, नोकरीवर गदा येते. नकाशा पुढे केला की युनियनचे कार्यकर्तेसुद्धा गप्प बसतात, कारण मशीन खोटे बोलत नाही असा समज आहे. हा समज आपण मोडला पाहिजे.

सध्या मी एका शहरातल्या कंत्राटी सफाई कामगार बाईला नोटिशीचे उत्तर तयार करायला मदत करते आहे. प्रकरण चालू असल्याने तिचे आणि शहराचे नाव देत नाही. सकाळी सहा ते दुपारी दोन अशी तिची ड्यूटी. हजेरी शेडजवळ अ‍ॅप उघडून फोटो काढायचा आणि दोन वाजेपर्यंत लोकेशन चालू ठेवायचे, असा ठेकेदाराचा हुकूम. नोटीस म्हणते की एका महिन्यात चार दिवस ती प्रत्येकी चाळीस मिनिटे ‘बीटच्या बाहेर’ होती. म्हणून ती कामचुकार. चार वेळा अर्ध्या दिवसाची मजुरी कापली आहे आणि कामावरून कमी का करू नये याचा खुलासा तीन दिवसांत मागितला आहे. पुरावा म्हणून जोडला आहे एक रंगीत नकाशा आणि त्यावर लाल ठिपके.

ते चार दिवस तिच्या मासिक पाळीचे होते. तिच्या बीटवर एकही मुतारी नाही. जवळचे सार्वजनिक शौचालय दहापर्यंत कुलपात असते. म्हणून ती पलीकडच्या वस्तीत ओळखीच्या बाईकडे चालत जाऊन येत होती. हे तिने मला सांगितले, पण खुलाशात लिहायला ती तयार नव्हती. “ताई, तो कागद मुकादम शेडमध्ये सगळ्यांसमोर वाचील,” असे तिचे म्हणणे.

मैत्रिणींनो, इथे काय चालले आहे ते नीट पाहा. शौचालय न देणाऱ्याला कोणी नोटीस दिलेली नाही. शौचालय शोधत गेलेल्या बाईला मात्र आपल्या देहाचा हिशेब लेखी द्यायला सांगितले आहे. बायकांच्या मुताऱ्यांसाठी मुंबईत २०११ पासून महिला संघटनांनी ‘राइट टू पी’ मोहीम चालवली. तो प्रश्न सुटला नाही, तोवर त्याच प्रश्नाची शिक्षा बायकांनाच देणारे यंत्र आले आहे.

हा एका ठेकेदाराचा आगाऊपणा नाही. नागपूर, चंदीगड, पंचकुला इथे महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. २०२१ साली हरियाणात आशा कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये लोकेशन दाखवणारे अ‍ॅप घालण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांनी संघटितपणे त्याला विरोध केला. पहिला पहारा कोणावर बसतो ते यावरून कळते. झाडू मारणारी, घरोघर फिरणारी, कमी पगाराची, बहुतेकदा दलित-बहुजन बाई. साहेबाच्या जीपचे ठिपके कोणी छापून लावत नाही.

आता या ठिपक्याची लायकी तपासू. ठिपका फोनची जागा सांगतो, बाईची नाही, आणि तीसुद्धा अंदाजे. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो. उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका पलीकडच्या रस्त्यावर उडी मारतो. उपग्रह मिळाला नाही तर फोन मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो, तो शेकडो मीटरने चुकू शकतो. बॅटरी वाचवण्यासाठी स्वस्त फोन असे अ‍ॅप मधेच बंद पाडतो. जागा किती मीटर इकडेतिकडे असू शकते, याचा आकडा फोन नोंदीबरोबर देत असतो. नोटिशीच्या नकाशावर नेमका तोच आकडा नसतो. मालकाने आपल्या सोयीचे चित्र तेवढे छापलेले असते.

या बाईच्या बाबतीत ठिपका खरा आहे असे धरून चाला. तरी आरोप खोटाच ठरतो. त्या चारही दिवशी तिचा रस्ता झाडून झाला, मुकादमाने काम पूर्ण झाल्याची सही केली, रहिवाशांची तक्रार नाही. ठिपक्याला जागा कळते, काम कळत नाही. झाडाखाली आठ तास बसून राहिलेली कामगार नकाशावर आदर्श ठरेल आणि रस्ता चकचकीत करून शौचालयाला गेलेली चोर ठरेल!

कायदाही बघा. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणापेक्षा जास्त करता येत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या कलम ९ मध्ये हे होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम २० मध्येही आहे. आठ तासांची ४८० मिनिटे, त्यातली ४० म्हणजे बारावा हिस्सा. कापला अर्धा दिवस, म्हणजे सहा पट. ही उघड लूट आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने शौचालयाची सोय ठेकेदारावर, आणि त्याने न केल्यास मुख्य मालकावर टाकली होती. नव्या संहितेत ती जबाबदारी थेट मुख्य मालकावर आहे. म्हणजे पहिला खुलासा महापालिकेने द्यायला हवा.

आपले काही सहकारी म्हणतात, हजेरीत घोटाळे होतात, खोटी नावे लावून पैसे खाल्ले जातात, मग यंत्राने वाईट काय? घोटाळे होतात, खरे आहे. पण खोटी नावे झाडूवाली लावत नाही. ती मस्टर आणि बिले ज्यांच्या हातात असतात ते लावतात. चोरी वरची आणि झडती खालची, हा कुठला न्याय? काही जणी म्हणतात, लोकेशनमुळे बाई सुरक्षित राहते. संकटात दाबायचे बटण तिच्या हातात असेल तर ती सुरक्षा. ती एकटी कुठे आहे, किती वाजता कोणत्या गल्लीत शिरते, हे मुकादमाला दिवसभर दिसत असेल तर ती सुरक्षा नव्हे. शेडवर ज्याचा त्रास होतो, त्याच्याच हातात हा नकाशा आहे हे विसरू नका.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ ने नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरताना मालकाला कामगाराच्या संमतीतून सूट दिली. नागरिक म्हणून जो हक्क मिळाला, तो कामावर पाय ठेवताच पातळ होतो. ही सूट रद्द व्हावी ही मागणी कामगार संघटनांची आहेच, ती महिला संघटनांचीही व्हायला हवी.

तोवर नोटीस आली की आपण काय करायचे?

१. कोऱ्या किंवा तयार खुलाशावर सही करू नये. मुदतवाढ लेखी मागावी.

२. नकाशाचे चित्र नको, मूळ नोंदी मागाव्यात. वेळ, जागा आणि चुकीची मर्यादा यांसह. नोंदी कोणी काढल्या, कोणाला दिसतात हेही विचारावे.

३. काम झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे असे लिहून द्यावे. बाई कोणत्या कारणाने गेली ते सांगण्याची सक्ती नको. ‘नैसर्गिक गरज’ एवढे पुरे.

४. त्याच खुलाशात बीटवरील शौचालयांची यादी, त्यांच्या वेळा आणि अंतर मागावे.

५. ड्यूटी संपताच लोकेशन बंद करण्याचा हक्क आणि मालकाच्या खर्चाने फोन या मागण्या प्रत्येक मागणीपत्रात घालाव्यात.

या बाईचा खुलासा आम्ही याच मुद्द्यांवर दिला आहे. पाळीचा शब्द त्यात नाही. चौकशीची तारीख अजून लागलेली नाही. त्या दिवशी शेडवर ती एकटी उभी राहणार नाही, असे तिच्या हजेरी शेडवरच्या बायकांनी ठरवले आहे. तुमच्या शहरात, तालुक्यात अशा नोटिसा निघाल्या असतील तर त्यांच्या प्रती नावे खोडून आमच्याकडे पाठवा. एकेकटीचा खुलासा मुकादमाच्या टेबलावर पडून राहतो. शंभर नोटिसा एकत्र आल्या तर आयुक्तांना उत्तर द्यावे लागेल.