कंपवाताला गोळी मिळाली, आता सोबत हवी

हात थरथरू लागला की ‘वय झालं’, चाल मंदावली की ‘गुडघे गेले’ आणि खांदा आखडला की ‘वात धरला’. पार्किन्सन्सच्या निदानाला उशीर होण्याची सुरुवात घरातल्या अशा वाक्यांपासूनच होते. जळगाव-धुळे जिल्ह्यांतही याहून वेगळे घडत नाही. निदान झाले की गोळ्या सुरू होतात. पण या आजारासोबत पुढची दहा-वीस वर्षे कशी काढायची, हे शिकवणारी जागा तालुक्याच्या गावी सहजी सापडत नाही. खरी उणीव तिथे आहे.

१८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने या आजाराचे सविस्तर वर्णन केले. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि हालचालींवरचा ताबा सुटत जातो. कंप हे त्याचे एकमेव लक्षण नाही. काहींना कंप नसतोच. हालचाल मंदावणे, स्नायू ताठरणे, अक्षर बारीक होणे, आवाज खोल जाणे, बद्धकोष्ठता, नैराश्य हीसुद्धा त्याचीच रूपे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभर ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता.

लेव्होडोपा हे औषध आजही सर्वांत परिणामकारक मानले जाते. मात्र ते घेण्याची रीत शिकावी लागते. प्रथिनांमुळे ते शरीरात शोषले जाण्यात अडथळा येऊ शकतो. त्यामुळे वरण-बट्टीच्या जेवणासोबत घेतलेली गोळी काहींना पुरेशी लागू पडत नाही. जेवणाआधी साधारण अर्धा तास ती घ्यावी, असे बहुधा सांगितले जाते. नेमकी वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. बरे वाटले म्हणून किंवा पैसे संपले म्हणून गोळी एकाएकी बंद करणे तर धोक्याचे. चालताना पाय जमिनीला चिकटल्यागत झाले, तर ओढू नये. ‘एक-दोन’ मोजत किंवा फरशीवरच्या रेषेवर पाऊल टाकायला सांगावे. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत एवढे सारे सांगून होत नाही.

शिवाय लोकांची नजर असतेच. तोल गेला की ‘प्यायलेला दिसतो’, चेहरा निर्विकार दिसला की ‘रागावलाय’. मग माणूस लग्नकार्य टाळतो, पारावर बसणे सोडतो. त्याच्यासोबत सांभाळ करणारी बायको किंवा सूनही घरातच अडकते.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळाने आणि २००१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ने याला उत्तर शोधले. रुग्ण आणि घरचे एकत्र येतात, व्यायाम करतात, अनुभव सांगतात. पुण्यात तर हृषीकेश पवार यांनी रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. पण जळगावहून पुणे चारशे किलोमीटरच्या आसपास. ऑनलाइन सभा उपयोगाच्या असल्या, तरी यावल किंवा साक्रीतल्या सत्तरीच्या आजोबांना त्या परक्या वाटतात. त्यांना समोर बसून, अहिराणीत बोलणारा माणूस हवा.

हे काम उभे करायला नवी इमारत लागत नाही. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे महिन्यातला एक दिवस पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी ठेवता येईल. फिजिओथेरपिस्ट, आहाराची माहिती देणारे आणि जुने रुग्ण त्या दिवशी एकत्र यावेत. ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, गावातले भजनी मंडळ हेही कामाचे: मोठ्याने गाण्याने आवाजाला व्यायाम होतो, टाळाच्या ठेक्यावर पावले सुटतात. आशाताईंना सुरुवातीची लक्षणे ओळखायला शिकवले, तर निदान लवकर होईल.

आणखी एक गोष्ट बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा स्पष्ट उल्लेख आहे. तपासणीत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरले, तर प्रमाणपत्राच्या आधारे काही सवलती मिळू शकतात. ही माहिती देण्यासाठीही कुणीतरी असावे लागते.

११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो. त्या दिवशी एक व्याख्यान आणि एक फलक एवढ्यावर न थांबता, दोन्ही जिल्ह्यांत किमान एकेक मासिक बैठक सुरू झाली, तरी पारावरची रिकामी झालेली जागा पुन्हा भरू लागेल.